तिसऱ्या खोलीचं हिरवं बटण

स्प्रिंग माझी होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं बोलता बोलता मी स्वतःला सोडवायला बघेन आणि ते तुमच्या ध्यानात राहिलं पाहिजे. अमृतभाऊनं मला फक्त दांडा कापायला सांगितला होता. स्प्रिंगची अक्कल माझी.

मी कुलपांचं काम करतो. गाव कळसाडी, दुकान नंदुरबारात. आठवी झाली, शाळा सोडली, सुरतेला उधन्यात एका उस्तादाच्या हाताखाली सहा वर्षं कुलपं घासली. घराची चावी हरवली म्हणून येणारं गिऱ्हाईक माझ्याकडं कमी. माझी कामं कापसाच्या जिनिंगची, पतसंस्थांची, वसतिगृहांची, गोदामांची. एका इमारतीला चाळीस दारं असली तर चाळीस चाव्यांचा जुडगा कुणी बाळगत नाही. मग मी अशी कुलपं बसवतो की शिपायाच्या चावीनं शिपायाचंच दार उघडावं आणि साहेबाच्या एका चावीनं सगळी उघडावीत. वर्षभर देखभालही माझीच. कुठलं दार कुणासाठी उघडायचं आणि कुणासाठी नाही, हे मालक ठरवतो आणि मी ते लोखंडात बसवून देतो. इतकी वर्षं त्याला मी नुसतं काम म्हणत आलो.

उस्तादांची एक शिस्त मी सोडली नाही. दारातून काढलेला भाग भंगारात टाकायचा नाही. त्याला तारेनं चिठ्ठी बांधायची, चिठ्ठीवर जागा, तारीख आणि कुणाच्या सांगण्यावरून काढला ते लिहायचं आणि डब्यात ठेवायचा. कारण मालक कधी ना कधी म्हणतोच, होतं तसं करून दे. दुकानात माझे असे अकरा डबे आहेत.

नंदुरबारच्या बाहेर मिरचीचं एक शीतगृह आहे. आम्ही सगळे त्याला कोल्ड म्हणतो. पथारीवर, म्हणजे वाळवणाच्या मोकळ्या मैदानावर, मिरची वाळली की पोत्यांत भरून तिथं जाते. चार मोठ्या खोल्या, वीतभर जाडीची दारं, आत उन्हाळ्यातही दात वाजतील इतका गारठा. दिव्याचं बटण बाहेर, मोबाइलला आत रेंज नाही. म्हणून अशा दाराला आतून एक सोय असते. हिरवं गोल बटण, मुठीएवढं, अंधारात काजव्यासारखं चमकणारं. ते ढकललं की दारातून आरपार गेलेला दांडा बाहेर सरकतो आणि बाहेरची कडी कुलपासकट सुटून पडते. एकदा आत गेलेलं बटण आतच राहतं, नंतर बाहेरून दांडा मागं सारून बसवावं लागतं. कुणी आत अडकलं तर त्याचा जीव त्या दांड्यावर.

अमृतभाऊ तिथला मॅनेजर. ब्राह्मणपुरीचा. आम्ही दोघंही गुजर, माझ्या बहिणीच्या सासरकडून तो नात्यात लागतो, आणि कोल्डचं काम मला त्यानंच दिलेलं. मागच्या वर्षी तीन नंबरच्या खोलीतली काही पोती गायब झाली. ती कुठं गेली ते आजही कुणाला माहीत नाही, पण अमृतभाऊला त्याच दिवशी माहीत झालं.

"नवनीत, तीन नंबरनं आतलं बटण मारी टाक."

"काबरं, भाऊ?"

"हमाल जेवाना टायमाले आत लपतस आनि बटण दाबीसन बाहेर येतस. पोतास्ले काय पाय फुटनात?"

"भाऊ, ते बटण जीव वाचाडासाठे ऱ्हास."

"कोना जीव जाई ऱ्हायना? आठे कोन झोपाले येस?" तो हसला. मग म्हणाला, "तुले जमत नशीन तं सांग. धुळाना एक मानूस शे मन्हा ध्यानमा."

तेवढं पुरलं. वर्षाचं काम दुसऱ्याकडं जाईल या एका वाक्यावर मी पिशवी उघडली. मी भ्यालो असंही नाही. मला राग आला तो धुळ्याच्या माणसाचा. माझं दार तो कापणार?

दांडा मधोमध कापला. बाहेरचा तुकडा काढून घेतला. पण नुसता कापला की आतलं बटण लुळं पडतं, हात लावला की कळतं. वर्षातून एकदा तपासणीला माणूस येतो, तो दार उघडं ठेवून बटण एकदा दाबतो आणि कागदावर खूण करतो. त्याच्या हाताला कळू नये म्हणून मी आत एक स्प्रिंग बसवली. बटण दाबलं की आत जायचं, घट्ट लागायचं आणि सोडलं की परत यायचं. अमृतभाऊनं दोनदा दाबून पाहिलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. "काय कारागीर शे रे तू!"

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? त्या दिवशी घरी जाताना मी शेव घेऊन गेलो.

यंदा फेब्रुवारीत एका मंगळवारी फुलवंताबाई त्या खोलीत अडकली.

फुलवंताबाई काठीकडची, डोंगरातली. पंचेचाळीस-पन्नास वय. मिरचीच्या हंगामात पथारीच्या कडेला झोपडी करून राहायची, देठ खुडायची, पोती शिवायची, कोल्डमध्ये झाडलोट करायची. आमच्याशी अहिराणीत बोलायची, लेकीशी भिलीत. लेक रिना नंदुरबारातच कॉलेजला, मुलींच्या वसतिगृहात राहणारी. मंगळवारी दुपारी एकला फुलवंताबाई तीन नंबरमध्ये सांडलेली मिरची गोळा करत मागच्या थप्पीआड होती. जेवणाची सुटी झाली, कुणीतरी दार ओढलं, दिवा बंद केला, कुलूप घातलं आणि गेलं. संध्याकाळी सहाला गाडी भरायची म्हणून दार उघडलं तेव्हा ती दाराला टेकून बसली होती. ओठ काळे, अंगावर साधी साडी, डोळे उघडे. तिला सिव्हिलला नेलं.

बुधवारी सकाळी आठला अमृतभाऊचा फोन.

"व्हता तसा दांडा टाकी दे. आत्तेना आत्ते ये. अकराले पोलिस येतीन."

"बाई कशी शे?"

"शे दवाखानामा. बरी शे. तू काम करं."

मी गेलो. रस्त्यात एकदाही गाडी वळवावी असं मनात आलं नाही. तीन नंबरचं दार आतून पाहिलं आणि मग मात्र हातातला पाना खाली ठेवावा लागला. दार पांढऱ्या पत्र्याचं. हिरव्या बटणाभोवती लाल तळहातांचे ठसे. मिरचीनं माखलेले हात. बटणाच्या उंचीवर ते दाट होते, एकावर एक. मग खाली कमरेच्या उंचीवर. मग गुडघ्याच्या. शेवटचा ठसा जमिनीपासून वीतभर वर, चार बोटांचाच.

अमृतभाऊ मागं उभा होता. "ते पुसी टाक आधी."

मी पुसलं. माझ्याच फडक्यानं. खालून वर पुसत गेलो. शेवटी बटण पुसलं. मग स्प्रिंग काढली, नवा दांडा बसवला, तेल दिलं, कडी लावून दोनदा चालवून पाहिलं. वाईट काम मला करताच येत नाही, दांडा लोण्यासारखा सरकत होता. त्याच हातानं कपाळाचा घाम पुसला आणि मिरची डोळ्यात गेली. अकरा वाजता हवालदार आला तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. अमृतभाऊ त्याला म्हणाला, "आमन्हा नवनीत लई हळवा शे."

हवालदारानं आत जाऊन बटण दाबलं. खट्ट. कडी पडली.

"हे तर चालू शे."

"तेच तं म्हनी ऱ्हायनू, साहेब," अमृतभाऊ म्हणाला. "बटण समोर चमकी ऱ्हायनं. पाच तास कोन बसस आत? बसाडी ठेवेल व्हतं तिले. बाहेरना मानूस येवाना व्हता. पोती काढानी व्हती."

आणि दवाखान्यात तिच्या ओच्यात पावशेरभर मिरची निघाली होती. फुटकी, बिनदेठाची. पथारीवर काम करणारी प्रत्येक बाई संध्याकाळी मूठ-दोन मूठ फुटकी मिरची ओच्यात बांधून नेते. मालकाच्या डोळ्यांसमोर नेते. माझ्या आईनं नेली आहे. नंदुरबारात हे माहीत नसलेला माणूस नाही. पण बुधवारी अकरा वाजता ती मिरची चोरीचा माल झाली.

फुलवंताबाईनं दवाखान्यात जबाब दिला तो हवालदारानं आम्हाला हसत हसत वाचून दाखवला. ती म्हणाली होती, मी बटण दाबलं, किती दाबलं, पण दाराच्या पलीकडं एक माणूस उभा होता. मी ढकलायची, तो परत ढकलायचा. पाच तास तो तिथंच होता. हललाच नाही.

"कोन मानूस? नाव सांग म्हनं तं म्हने, नाव माहित नही." हवालदारानं कागद घडी केला. "आता भुताचं नाव मी कुठं लिहू?"

अमृतभाऊ पोट धरून हसला. तिथं असलेले हमालही हसले. मी हसलो का? तोंड हललं असावं.

त्या माणसाचं नाव मला माहीत होतं.

मग हवालदारानं माझ्याकडून लिहून घेतलं: मी सदर शीतगृहाच्या कुलपांची देखभाल करतो, तीन नंबर खोलीचे आतील बटण घटनेच्या दिवशी चालू स्थितीत होते. खाली सही. माझी सही मोठी, वळणदार आहे. उस्ताद म्हणायचे, कारागिरानं सही अशी करावी की पुसता येऊ नये.

घरी गेलो तर रोशनी, माझी बायको, म्हणाली, "डोळे काबरं लाल?"

"मिरची."

"त्या बाईबद्दल आयकं का? आख्खी गल्लीमा तेच चालू शे." ती भाकरी थापत होती. "बटण व्हतं ना आत? मंग दाबं काबरं नही? चोरच व्हई ती."

मी जेवलो. दोन भाकरी खाल्ल्या. माझ्या दांड्यानं माझ्या घरापर्यंत येऊन साक्ष दिली होती आणि माझ्या बायकोनं ती खरी मानली होती. तिचा काय दोष? मी तिला सांगितलं असतं तर तिनं तवा माझ्या डोक्यात घातला असता, आणि म्हणूनच मी सांगितलं नाही. फडकं मी चार वेळा धुतलं. वास जाईना. शेवटी पिशवीच्या तळाशी कोंबलं.

गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी कामं केली. एका पतसंस्थेची तिजोरी अडकली होती, ती सोडवली. दर कुलपाला चावी लावताना मी थांबायचो. चावी फिरली की आत कुणीतरी आहे का ते ऐकायचो. तिजोरीत कोण असणार? तरी ऐकायचो. या तीन दिवसांत मी एकदाही सिव्हिलच्या रस्त्यानं गेलो नाही. लांबून गेलो. पेट्रोल जाळलं.

शनिवारी निरोप आला. कोल्डच्या मालकानं, शेठनं, मन मोठं केलं होतं. फुलवंताबाईनं माफीनामा लिहून दिला, की चोरीच्या इराद्यानं मी आत लपले, तर तक्रार पुढं जाणार नाही. तिच्या टोळीतल्या बाकीच्या बायांनाही काम मिळत राहील. नाही दिला तर गुन्हा, आणि काठीकडच्या एकाही बाईला नंदुरबारच्या कुठल्याही पथारीवर कुणी उभं करणार नाही. सोमवारी अकराला अंगठा. साक्षीला मी.

सोमवारी निघताना मी अकरा नंबरचा डबा काढला. त्यात तो कापलेला तुकडा होता, चिठ्ठीसकट. पिशवीत टाकला. बाहेर काढला. परत टाकला. मी सांगायचं ठरवलं होतं म्हणून टाकला असं म्हणायला मला आवडेल. पण ठरवलं वगैरे काही नव्हतं. तो दुकानात एकटा राहू नये इतकंच वाटलं, आणि मी पिशवी उचलली.

कोल्डच्या ऑफिसात अमृतभाऊ, हवालदार आणि त्या दोघी मायलेकी. फुलवंताबाई खुर्चीवर बसली नाही, भिंतीला धरून उभी राहिली. अंगावर दवाखान्यातली घोंगडी, बाहेर ऊन असूनही. दोन्ही तळहातांना पट्ट्या. रिना तिच्या शेजारी, वीसएक वर्षांची, पाठीला कॉलेजची बॅग. मला पाहिल्यावर तिनं कपाळाला आठी घातली. "तुम्ही कुलूपवाले ना? आमच्या वसतिगृहात येता."

"हो."

"मग तुम्हीच सांगा. बटण होतं चालू?"

अमृतभाऊनं मला बोलू दिलं नाही. "त्यानी लिखी दियेल शे. सही शे. वाच, शिकेल शे ना तू?"

तिनं वाचलं. माझी मोठी वळणदार सही तिनं बोट ठेवून वाचली. मग कागद खाली ठेवला.

हवालदारानं शाईची डबी उघडली. "चला बाई. उजव्या हाताची पट्टी जरा सरकवा."

"साहेब," फुलवंताबाई म्हणाली, "एक सांगू? माले ते बटण एकदाव दाबू द्या."

"आता कसाले?"

"माले दखनं शे. मंग अंगठा देस."

अमृतभाऊनं हात उडवला. "दाबू दे. दखू दे तिले बी. चला."

आम्ही सगळे तीन नंबरपाशी गेलो. ती एकटीच आत गेली. दारात वळून म्हणाली, "दिवा बी बंद करा. त्या दिनले अंधारं व्हतं." रिना आत जायला निघाली तर तिनं हातानं थांबवलं. अमृतभाऊनं दार ओढलं, कडी लावली, कुलूप घातलं, दिवा बंद केला.

काहीच झालं नाही. एवढं मोठं जाड दार, आतलं काही ऐकू येत नाही. मी कडीकडं बघत होतो. हवालदारानं घड्याळ पाहिलं. रिनानं माझ्याकडं पाहिलं. किती वेळ गेला असेल? अर्धा मिनिट. ती आत काय करत होती ते मला कळत होतं. ती हिरव्या बटणासमोर उभी होती आणि तिचा हात होत नव्हता.

मग दांडा बाहेर आला. नवाकोरा, चकचकीत, तेल पाजलेला. खट्ट. कडी कुलपासकट पडली आणि दार उघडलं.

ती उंबऱ्यावर उभी राहिली. खाली पडलेलं कुलूप पाहिलं. मागं वळून बटण पाहिलं. ते आत गेलेलं होतं आणि आतच होतं.

"एकदाव दाबं आनि उघडनं," ती म्हणाली. "साहेब, हे परत नही उनं. त्या दिनले परत येत व्हतं."

"बाई, त्या दिवशी तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं. थंडीनं होतं तसं."

 ती हळूच, अगदी शाळेतल्या पोरीनं चूक कबूल करावी तसं म्हणाली, "तसंच व्हई मंग. मन्हंच डोकं फिरेल व्हई. मी दाबंच नशीन." आणि उजव्या हाताची पट्टी सोडायला लागली.

तिला वेडी सगळ्यांनी म्हटलं होतं, ते मी सहन केलं. चोर म्हटलं, तेही केलं. पण ती स्वतःच माझ्या खोट्या दांड्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या हातांना खोटं ठरवत होती, पट्ट्या बांधलेल्या हातांना. माझा पाय पुढं पडला.

"अंगठा देऊ नका."

"नवनीत," अमृतभाऊ म्हणाला, "तू बाहेर जाय."

"बटण बंद होतं. मी केलं होतं. मागच्या वर्षी दांडा कापला, बुधवारी सकाळी नवा टाकला. बाकीच्या तीन खोल्यांचे दांडे बघा, साहेब, गंजलेले आहेत, तेलकट काळे. हा एकच नवा का?"

"याना डोकामा बी थंडी गयी," अमृतभाऊ हसायला लागला, पण हसू अर्धवट राहिलं, कारण मी डबा उघडून तुकडा बाहेर काढला होता. चिठ्ठीवर माझं अक्षर: कोल्ड, खोली ३, आतला दांडा, अमृतभाऊंच्या सांगण्यावरून. आणि तारीख.

अमृतभाऊनं हात पुढं केला. मी तो तुकडा रिनाच्या हातात दिला. तिनं आधी मोबाइलवर फोटो काढले, तुकड्याचे, चिठ्ठीचे, दाराचे. मग पळत जाऊन बाकीच्या तीन दारांचे.

हवालदाराचा चेहरा उतरला. "तुम्ही लिहून दिलंय की हो, चालू होतं म्हणून."

"खोटं लिहून दिलं."

"मग ते तुमच्यावर पण येईल."

"येऊ द्या. लिहा."

"तिन्हासाठे तू आपला मानूस बुडावस?" अमृतभाऊ दातओठ खात म्हणाला. "तुन्ही बहीण आमन्हाकडे नांदी ऱ्हायनी, ध्यानमा ठेव." मी ध्यानात ठेवलंय. 

 फुलवंताबाईची पट्टी अर्धी सुटून लोंबत होती. ती माझ्याजवळ आली.

"कापेल व्हतं, मंग परत कसं ये?"

मी हवालदाराकडं पाहिलं. तो लिहीत होता. इथं खोटं बोलायला जागा होती. गंज, तेल, काहीही सांगता आलं असतं. दांडा अमृतभाऊचा, एवढ्यावर थांबता आलं असतं.

"मी आत स्प्रिंग बसवली होती, ताई. तपासणीवाल्याला कळू नये म्हणून. अमृतभाऊनं सांगितली नव्हती. माझ्या मनानं बसवली."

तिनं लोंबणारी पट्टी मुठीत धरली. मग म्हणाली, "मी दाबू, ते परत ये. मी दाबू, ते परत ये. माले वाटे, बाहेर कोन्ही उभा शे. मी त्याले म्हनू, सोड रे भाऊ. मन्ही पोर शे म्हनू. तुन्ही माय व्हयी ना घर, म्हनू. पाच तास मी त्यासंगे बोलनी." तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. "म्हंजे तो तू व्हता."

"हो."

ती मारेल असं वाटलं. तिनं मारावं असंही वाटलं, म्हणजे काहीतरी फिटलं असतं. तिनं मारलं नाही. लेकीकडं वळून भिलीत काहीतरी बोलली, लांबलचक. रिना ऐकत होती आणि माझ्याकडं बघत होती. मी विचारलं, काय म्हणते? रिनानं सांगितलं नाही. आजवर सांगितलेलं नाही.

हवालदारानं माझा नवा जबाब घेतला, माझी जुनी सही खोडली आणि नवी घेतली. माफीनाम्याचा कागद रिनानं उचलून बॅगेत घातला, पुरावा म्हणून. अमृतभाऊ फोन घेऊन बाहेर गेला होता. मला वाटलं झालं. हेही सांगतो, कारण तेवढंच खरं आहे: त्या क्षणी मला हलकं वाटलं. मी पिशवी उचलली.

"थांबा," रिना म्हणाली. "आमच्या वसतिगृहाचं मागचं दार. त्याला आतून कडी होती. दिवाळीनंतर आलो तर काढलेली. आता फक्त बाहेरून कुलूप. ते तुम्हीच केलंत ना?"

मी मान हलवली. अधीक्षक बाईंनी सांगितलं होतं, पोरी मागनं पळतात. त्या कडीची चिठ्ठी दहा नंबरच्या डब्यात आहे. दोन मिनिटांपूर्वी मला ती आठवलीही नव्हती.

"साठ मुली आहोत आम्ही," रिना म्हणाली. "पुढच्या दाराशी स्वयंपाकघर. गॅस तिथंच."

फुलवंताबाईनं विचारलं, "आजून कथा कथा?" आणखी कुठं कुठं?

मी आठवायला लागलो. डबे एकेक डोळ्यांपुढं आले. कुठली कडी, कुठला दांडा, कुठल्या खिडकीचा खटका, कुणाच्या सांगण्यावरून.

"वसतिगृह," मी म्हटलं. "आणि एक जिनिंग. मागचं दार. तिथं बाया काम करतात."

"चाल मंग," ती म्हणाली.

रिक्षात त्या दोघी, पुढं मोटारसायकलवर मी. दुकानातून दहा नंबरचा डबा घेतला. वसतिगृहात अधीक्षक बाई आधी ओरडल्या, मग सोडा म्हणाल्या, मग परवानगीचा कागद आणा म्हणाल्या. मी ऐकून घेतलं आणि स्क्रू काढत राहिलो. भर दुपार होती. जिन्यावर पोरी जमल्या होत्या. बाहेरचं कुलूप काढलं, त्याच्या पट्ट्या काढल्या, आतली जुनी कडी पुसून परत जागेवर बसवली. फडकं म्हणून हाताला लागलं ते पिशवीच्या तळाचं. पुसताना दोघी-तिघी शिंकल्या.

रिना आत गेली. दार लावलं, कडी घातली. कडी काढली, दार उघडलं. परत लावलं, परत उघडलं. तिसऱ्यांदा आणखी एका मुलीला करायला लावलं.

फुलवंताबाई पायरीवर घोंगडी गुंडाळून बसली होती. तिनं हात लावून पाहिला नाही. मी पाना पिशवीत टाकला तशी ती भिंत धरून उठली.

"जिनिंग कथी शे?"

"शहाद्याच्या रस्त्याला."

"लांब शे का?"

"नाही," मी म्हटलं आणि गाडीला किक मारली.